नुप्पूसाठी सायलेन्सर

विल्योने दोन्ही हातांत रायफलीच्या नळीला लावायचा एकेक सायलेन्सर घेऊन तोलून पाहिला, मग उजव्या हातातला काउंटरवर ठेवला आणि डाव्या हातातला नाकाशी नेऊन हुंगला.

"हुंगून काय कळतंय?" हिल्क्काने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. डाव्या कानाशी बोलून उपयोग नसतो, हे लग्नाच्या चाळीस वर्षांत तिला पाठ झालं होतं.

"काही नाही. बघितलं आपलं."

बंदुकांच्या दुकानातली योन्ना हसू दाबून उभी होती. हे नवराबायको त्या महिन्यात तिसऱ्यांदा आले होते आणि प्रत्येक वेळी सगळी कपाटं उघडायला लावून हात हलवत परत गेले होते.

"काका, तो स्टीलचा दणकट आहे, पण जड. हा टायटॅनियमचा, जवळजवळ निम्म्या वजनाचा. ह्याचा मागचा भाग नळीवर चढून बसतो, त्यामुळे रायफल फार लांब होत नाही. तुमचे कान दोन्ही सारखेच वाचवतील."

"ह्याचे कान?" हिल्क्का म्हणाली. "अगं, त्यांत वाचवण्यासारखं काही उरलंय कुठे? पन्नास वर्षं मूस हरणांवर गोळ्या झाडून दोन्ही कधीच कामी आलेत."

"मग कशाला हवाय?"

विल्योला प्रश्न ऐकू गेला नव्हता, पण त्याची नजर योन्नाच्या ओठांवर होती. "कुत्रीसाठी," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. असं सांगायला छाती लागते. गेल्या ऑक्टोबरात त्याच्या नुप्पूने, करड्या रंगाच्या तीन वर्षांच्या कुत्रीने, एका नर मूसला भुंकून भुंकून जागेवर खिळवून धरलं होतं. विल्यो जवळ पोचला, त्याला घाई झाली, आणि नुप्पू नळीच्या पुढे दोन पावलांवर असताना त्याने तिच्या डोक्यावरून गोळी झाडली. मूस पडला. नुप्पू मात्र अकरा किलोमीटर पळत घरी गेली आणि साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाकाखाली दोन दिवस पडून राहिली. तेव्हापासून मोटारीचं दार जरी जोरात लागलं, तरी तिची वळलेली शेपटी खाली यायची.

अशा वेळी बहुतेक शिकारी कुत्र्याला भित्रं ठरवून मोकळे होतात. शिकारी टोळीच्या वसंतातल्या बैठकीत विल्यो उठून उभा राहिला होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कुत्री चांगली आहे. गाढवपणा माझा." टोळीचा म्होरक्या वेइक्को माणूस सरळ, पण जंगलाच्या बाबतीत कुणाची गय करत नसे. त्याने अट घातली. मोसमाच्या पहिल्या शनिवारी नुप्पूला एकदा सोडायचं. गोळीच्या आवाजाने पळाली, तर पुढे टोळीत दुसरी कुत्री येईल आणि नुप्पूने घर राखावं. जंगलासाठीच जन्मलेलं जनावर जाळीमागून त्याच जंगलाकडे बघत म्हातारं होताना त्याने आपल्या वडिलांच्या घरी पाहिलं होतं.

योन्नाने सगळं ऐकून घेतलं. तिला त्यातला महागडा माल खपवता आला असता.

"काका, एक स्पष्ट सांगते," ती मोठ्याने आणि सावकाश म्हणाली. "हा लावलात म्हणजे आवाज बंद झाला असं समजू नका. तो कमी होतो. गोळीचा स्वतःचा फटकारा राहतोच. ती पुढे आणि जवळ असेल, तर हा असूनही झाडू नका."

विल्योने टायटॅनियमचा सायलेन्सर तिच्यापुढे सरकवला. "तीन दुकानं फिरलो," तो म्हणाला. "हा काय करत नाही ते सांगणारी तू पहिली. बांध तो टायटॅनियमचा."

तो बसवायला जुन्या रायफलीच्या नळीला आटे पाडावे लागले. बंदूक दुरुस्त करणारा ते पाडत होता तेवढा वेळ विल्यो यंत्रापाशी उभा राहिला. खुर्ची दिली तरी बसला नाही. वापरायला लागल्यावर कळलं की गोळी आता वीतभर खाली आणि डावीकडे लागते. रायफलीवरची दुर्बीण पुन्हा जुळवणं आलं. चाळीस वर्षं डोळे मिटून फिरवलेली रायफल आता प्रत्येक फांदीत अडकायची आणि गाडीत ठेवताना दाराला ठोकायची. चार गोळ्या झाडल्यावर सायलेन्सर किती तापतो हे विल्योला बोटाला फोड आल्यावर समजलं. शिवाय आत दमटपणा धरतो म्हणून तो दर वेळी काढून वाळवावा लागे. विल्यो तो लोकरी मोज्यांच्या शेजारी चुलीवरच्या दांडीपाशी ठेवायचा.

"पाव भाजायचा आहे. तुझं नळकांडं उचल," हिल्क्का म्हणायची.

"तिथेच चांगला वाळतो."

"मी इतकी वर्षं इथे उभी आहे, माझी कधी एवढी काळजी घेतली नाहीस."

पण दर मंगळवारी खडीच्या जुन्या खाणीकडे जायला तीच आधी बूट घालून तयार असे. विल्यो खाणीत उतरून मातीच्या भिंतीवर एक गोळी झाडायचा, फक्त एक. हिल्क्का नुप्पूला घेऊन मागे चारशे मीटरवर उभी राहायची आणि आवाज झाला की खिशातून उकडलेल्या कलेजीचा तुकडा काढायची. पहिल्या मंगळवारी नुप्पूने तुकडा तोंडातही घेतला नाही. तिसऱ्या मंगळवारी घेतला आणि खाली टाकला. ऑगस्ट संपता संपता अंतर तीनशे मीटरवर आलं. सप्टेंबरात एकदा हिल्क्काने घाई करून एकदम शंभरावर आणलं, तेव्हा नुप्पू थरथरत गाडीखाली शिरली. हिल्क्का चिखलात पालथी पडून तासभर तिच्याशी बोलत राहिली आणि दोघांनी मुकाट्याने पुन्हा चारशेपासून सुरुवात केली. माणसं आपल्या पोरांच्या बाबतीतही एवढा धीर धरत नाहीत. शेवटच्या मंगळवारी ऐंशी मीटरवर नुप्पू बसून राहिली. शेपटी खाली होती, पण बसून राहिली.

पहिल्या शनिवारी सकाळी विल्यो आणि नुप्पू दलदलीच्या कडेने एकटेच आत गेले. नुप्पूचं भुंकणं विल्योला लांबून ऐकू येत नसे. तिच्या गळपट्ट्यातलं यंत्र ती कुठे आहे आणि मिनिटाला किती वेळा भुंकते ते फोनवर दाखवायचं, त्यावर त्याचं काम चाले. बाकीचे आपापल्या जागा धरायच्या आधी पडवीसमोरच्या शेकोटीपाशी थांबले होते आणि वेइक्कोच्या फोनवर तेच बघत होते. दहा वाजता भुंकणं सुरू झालं. तास झाला, वर वीस मिनिटं झाली, पण नुप्पूचा ठिपका जागचा हलला नाही.

"धरलाय बरं का चांगला," पीआ म्हणाली. टोळीतली ती सगळ्यात तरुण शिकारी होती.

मग भुंकणं थांबलं. विल्योचा ठिपका आणि नुप्पूचा ठिपका एकमेकांना चिकटले आणि तसेच राहिले. दहा मिनिटं गेली.

"पाडला वाटतं," याल्मारी म्हणाला. टोळीतली थट्टा-मस्करी त्याच्याकडेच असे. "आणि आपल्याला चिटपाखराएवढाही आवाज नाही. लेकाच्या नळकांड्याला मी उगाच नावं ठेवत होतो."

"मी सोमवारीच मागवते," पीआ म्हणाली.

वेइक्कोने चार चाकांची मोटरसायकल काढली, मूस ओढायचा दोर मागे टाकला आणि तिघं निघाले. विल्यो एका आडव्या झाडावर बसला होता. नुप्पू त्याच्या पायाशी बसून त्याच्या पावातलं चीज खात होती.

याल्मारीने चारी बाजूंना पाहिलं. "कुठाय?"

"कोण?"

"अरे, मूस!"

"गेला."

"चुकलास?"

"झाडलीच नाही." विल्योने पावाचा उरलेला तुकडाही नुप्पूला दिला. "तीस पावलांवर आडवा उभा होता. मोठा. पण ही माझ्याकडे परत येऊन नळीच्या पुढे उभी राहिली. म्हटलं, सरकेल. नाही सरकली. मग त्यालाच कंटाळा आला. हिला शीळ घातली, आली."

"अरे, पण त्याचसाठी एवढा महागडा सायलेन्सर लावलास ना?"

"लावला म्हणून तिच्या कानाशी झाडायची?" विल्यो म्हणाला. "एकदा झाडली तेवढी पुरे."

टोळीतल्या सात घरांचं हिवाळ्याचं मांस चालत निघून गेलं होतं, तेही एका म्हाताऱ्याने बोट आवरलं म्हणून. वेइक्को पुढे गेला. मूसने खुरांनी एक वर्तुळ तुडवून काळं केलं होतं आणि त्याच्याभोवती कुत्रीच्या पंज्यांचं दुसरं वर्तुळ होतं. वेइक्कोने दोन्ही चालून पाहिली; नुप्पूने मूसला तासभर जागचं हलू दिलं नव्हतं. परत येऊन त्याने दोर गुंडाळला.

"उद्या पुन्हा इथूनच," तो म्हणाला. "नुप्पू पहिली."

"अट शनिवारची होती," याल्मारी म्हणाला. वाईट मनाने नाही. नियम तो नियम.

"अट गोळीच्या आवाजाची होती. गोळी सुटली का?"

"नाही."

"मग अट अजून उभी आहे."

रविवारी सगळे पुन्हा शेकोटीपाशी वेइक्कोच्या फोनभोवती होते. नऊला भुंकणं सुरू झालं. चाळीस मिनिटांनी झाडांच्या पलीकडून एक आवाज आला, कोरडा फटकारा आणि त्याखाली बसका धप्प, शेजारच्या खोलीत कुणी जाड पुस्तक पाडावं तसा.

"म्हणजे ऐकू येतो तर," पीआ हळूच म्हणाली.

फोनवर भुंकण्याचा आकडा शून्य झाला. नुप्पूचा ठिपका विल्योपासून सुटला आणि दक्षिणेला, गावाच्या दिशेने निघाला. पन्नास मीटर. शंभर. दीडशे.

"निघाली घरी," याल्मारी म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

वेइक्कोने अंगठ्याने नकाशा मोठा केला. दोनशे मीटरवर ठिपका थांबला होता. बिनतारी यंत्रातून विल्योचा आवाज आला, "पडला," आणि पुढे काहीच नाही. त्याच्याही हातात फोन असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॉफीचं भांडं उतू जाऊन निखाऱ्यांवर फसफसलं, तरी ते उचलायला कुणी वाकलं नाही.

ठिपका हलला. थोडासा उत्तरेला. पुन्हा थांबला. मग एकदम सरळ आणि वेगाने परत निघाला आणि विल्योच्या ठिपक्याला जाऊन मिळाला. भुंकण्याचा आकडा तीन झाला, मग एकोणीस, मग साठ.

याल्मारीने नाक पुसलं, टोपी डोक्यावर दाबली आणि दोर घेऊन मोटरसायकलकडे धावला. वेइक्कोने त्याच्या आधी पोचून किल्ली काढून खिशात टाकली.

"कॉफी संपवा आधी," तो म्हणाला. "तिकडे आत्ता आपलं काही काम नाही."