परतीचा कागद

वकिलातीतल्या मारेताबाईने अर्जावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि अर्ज समोरच्या तरुणाकडे सरकवला.

"इथे सही कर. येईल तशी."

तिआओनने पेन धरलं. उन्हाने सोललेली बोटं नीट मिटत नव्हती. फिजीतल्या सुवा शहराच्या इस्पितळाने दिलेला शर्ट खांद्यावरून घसरत होता. नोनौती बेटावरून तो आणि त्याचा मित्र काइतू मासे धरायला निघाले, इंजिन बंद पडलं, आणि एकेचाळीस दिवसांनी एका परदेशी जहाजाला होडी दिसली तेव्हा तिच्यात तो एकटाच होता. जहाजाने त्याला फिजीत आणून सोडलं. खिशात ना पासपोर्ट, ना कसला दाखला. म्हणून तो आपल्या देशाच्या, किरिबासच्या वकिलातीत, पंख्याखालच्या या खुर्चीत बसला होता.

"गुरुवारचं विमान आहे," मारेता म्हणाली. "पण तू कोण, हे तुझ्या माणसाने सांगितल्याशिवाय मला कागद देता येत नाही. कोण आहे बेटावर?"

"आई नाही. बाबा जहाजावर, जर्मनीकडे कुठेतरी."

"मग जेवायचास कुठे?"

"काइतूकडे."

तिने रेडिओफोन लावला. बऱ्याच खरखरीनंतर नोनौतीच्या कौन्सिलचा कारकून लागला.

"एक माणूस जिवंत सापडला, एवढंच आम्हाला कळलंय," तो ओरडून बोलत होता. "नाव कुणी सांगितलंच नाही. काइतूचा बाप परवापासून इथेच पायरीवर बसलाय. जेवायलासुद्धा घरी जात नाही. देऊ त्याला?"

मारेताने तिआओनकडे पाहिलं. तो मान हलवून नाही म्हणत होता.

"दुसरं कुणी आहे तुला ओळखणारं?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"द्या," ती फोनमध्ये म्हणाली.

"मी रुतेरू," म्हातारा आवाज आला. "पोरगा आहे का तिथे? बोलू दे त्याला."

मारेताला सांगता आलं असतं. बारा वर्षांत तिने अशा कितीतरी बातम्या सांगितल्या होत्या. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तिआओनने हात पुढे केला. तिने रिसीव्हर दिला.

"मी तिआओन," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "काका."

नुसती खरखर. खाली रस्त्यावर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"एकटाच?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एकटाच."

"त्याला जाऊन किती दिवस झाले?"

"नऊ. मी प्रार्थना म्हटली, काका. मला येत होती तेवढी."

मारेताने त्याच्या हातातून रिसीव्हर हळूच काढून घेतला. तिला काम संपवायचं होतं. काम हातात असलं की आवाज कापत नाही, हे तिला माहीत होतं.

"आवाज ओळखलात?"

"ओळखला."

"हा तुमच्याच बेटावरचा तिआओन, खात्री आहे?"

"रांगत होता तेव्हापासून माझ्या चटईवर झोपलाय. खात्री कसली विचारता?"

"विचारावंच लागतं. साक्षीला तुमचं नाव घालते. तुमचं आणि त्याचं नातं काय लिहू?"

पुन्हा खरखर. फोन तुटला असं वाटून तिने दोनदा हॅलो म्हटलं.

"मुलगा लिहा," रुतेरू म्हणाला.

मारेताचं पेन कागदावर टेकलं, तिथेच थांबलं. समोर तिआओन दोन्ही हातांनी गुडघे धरून जमिनीकडे बघत होता. बेटांवर दुसऱ्याचं मूल आपलं म्हणायला कधी वकिलातीची परवानगी लागली नव्हती. तिने लिहिलं: मानलेला मुलगा. मग पहिला शब्द खोडला आणि खोडल्याजवळ आपली सही केली.

"लिहिलं."

"आणि बाई, ऐका," म्हातारा घाईने म्हणाला, "विमानात त्याला खिडकीजवळ बसवू नका. खाली सगळा समुद्रच दिसतो."