डावीकडची जादा चुणी

"हे खोकताना डावा हात खिशात घालतात. तू पाहिलंस का गं?" सासूबाईंनी विचारलं तेव्हा सूनबाई बाळाच्या मानेवरची पुटकुळी भिंगातून निरखत होती.

"सवय असेल हो आई," ती म्हणाली आणि पुन्हा पुटकुळीकडे वळली. बाळ शिंकलं तरी दोन-तीन डॉक्टरांची मतं घेणारी बाई ती. सासऱ्यांच्या खोकल्याला तिच्याकडे वेळ कुठला?

सासरे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. जांघेत फुगवटा आला तेव्हा आपल्याला काही झालंय असं त्यांनी मानलंच नाही. पँटचं माप चुकलं असं मानलं. असल्या जागेचं दुखणं चारचौघांत काढायचं नसतं, म्हणून डावीकडे एक जादा चुणी घातली. फुगवटा वाढला, चुणी खोल झाली. मग कापसाची गादी लावून, दुहेरी टीप मारून एक पट्टा शिवला. आडवं झालं की फुगवटा आत जाई आणि सासरे जिंकल्यासारखे छताकडे बघत. ती चुणी दोन गिऱ्हाइकांना इतकी आवडली, की त्यांनीही तशीच शिवून घेतली.

शेवटी इस्त्री करताना सूनबाईच्या लक्षात आलं. सगळ्या पँटी डावीकडेच सैल.

"बाबा, हा हर्निया दिसतोय. पोटाची भिंत विरळ होते आणि आतडं तिथून बाहेर डोकावतं."

"कापड विरलंय एवढंच ना? पट्टा आहे की."

"पट्ट्याने भोक बुजत नाही. दाखवून तर या. आतून जाळी लावतात."

"म्हणजे ठिगळ." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जन्मभर दुसऱ्यांना लावली, आता स्वतःला लावून घेऊ?"

"लोकांना चालतं, यांना चालत नाही," सासूबाई म्हणाल्या. "राजघराण्यातले ना."

मग एका सकाळी त्यांनी कापडाचा जड तागा उचलला आणि तिथेच वाकले. आडवे झाले, तरी फुगवटा आत जाईना. दगडासारखा टणक, हात लावू देईनात. घामाने डबडबले, उलटी झाली.

"कात्री दे गं," ते बायकोला म्हणाले. "चुणी उसवतो, जागा होईल."

आणि सासूबाईंनी खरंच कात्री पुढे केली. जन्माची सवय. सूनबाईने ती मधेच काढून घेतली.

"दाबू नका, काही खाऊ-पिऊ नका. आतडं अडकलंय, बाबा. हे पँटीचं काम नाही."

तिने बाळ शेजारणीकडे दिलं, पहिल्यांदाच एकही सूचना न देता. त्यावरूनच शेजारणीला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

ऑपरेशन तातडीने झालं. आतडं वाचलं. आणखी उशीर झाला असता तर तेवढा तुकडा कापावा लागला असता, असं सर्जन म्हणाले. सासऱ्यांनी डोळे उघडले ते थेट टाक्यांची चौकशी करायला.

"गाठ पक्की मारलीय ना?"

"पक्की आहे. फक्त काही आठवडे तागे उचलू नका," सर्जन म्हणाले.

"तुमच्या पँटीचा काठ मात्र वाकडा आहे. या कधीतरी."

आता दुकानात कोणी "डावीकडे जरा सैल ठेवा" म्हणालं, की सूनबाई बाळाला कडेवर घेऊन पुढे येते. "काका, खोकून दाखवा बघू." चुणीवाल्या दोघांपैकी एकजण तसाच थेट डॉक्टरकडे गेला.

तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे. घरातलं कोणी खोकताना जांघेशी हात नेत असेल, तर आजच विचारा. "सवय आहे" म्हणाले, तर पुन्हा विचारा.