ज्याची कथा, त्याचा नाश्ता

आमच्या अलक मंडळाचा नियम एकच. ज्याची कथा, त्याचा नाश्ता. अलक म्हणजे अति लघु कथा. शंभर शब्दांत सगळं आटपायचं आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला रडवायचं. दर रविवारी सकाळी ज्याची कथा असेल त्याच्या घरी आम्ही चौघं जमतो, आधी खातो आणि मग हात पुसत पुसत मैत्रीपूर्ण अभिप्राय देतो. हा क्रमच चुकलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरचं पोटभर खाल्लं त्याच्या कथेला वाईट कसं म्हणणार? तोंड उघडलं तर ढेकर येतो.

दौलतराव जांभूळ गावचे. भातशेती मुलाच्या गळ्यात घालून ते साहित्यात आले. त्यांच्याकडे राजाबाई, म्हणजे त्यांची बायको, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण करते. ते खाल्ल्यावर आम्ही त्यांची म्हशीची अलक ऐकतो. त्यांच्या प्रत्येक अलकमध्ये म्हैस असते. एकदा तर ती वृद्धाश्रमात गेली. तेव्हा कमळाकरने चक्क डोळे पुसले. कालवण तिखट होतं हे खरं, पण पुसले.

हा कमळाकर उल्हासनगरचा. एका सिंधी शेटच्या कापडाच्या दुकानात आहे, त्यामुळे गिऱ्हाईक असो की देव, सगळ्यांना साईं म्हणतो. तो प्रेमकथा लिहितो आणि शब्द संपत आले की नायिकेला मारतो. पण त्याच्या घरी दाल-पकवान असतं, त्यामुळे तिच्या मरणाबद्दल कुणी चौकशी करत नाही. चौथी ऋता. बदलापूरची, आयटीतली, आमच्यात सगळ्यांत लहान. तिला सगळं रिलेटेबल वाटतं. म्हैससुद्धा वाटली होती.

आणि मी यशोधरा. राहते विठ्ठलवाडीला, अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बेअरिंग खराब आलं तर मी सप्लायरला फोनवर जे बोलते ते ऐकायला शेजारच्या खात्यातली माणसं येतात. असं तोंड असलेल्या बाईला स्वयंपाक येत नसतो. मला येत नाही.

झालं असं, की मागच्या वेळी माझ्या कथेला मी पोहे केले आणि ते खाली लागले. आमचे राजेंद्र, म्हणजे मिस्टर, एक घास खाऊन म्हणाले, "लोकांना फोन कर, येऊ नका म्हणावं." पण लोक आले होते. तिघांनी पोहे खाल्ले आणि म्हणाले, "वा!" मग मी कथा वाचली. तिघं म्हणाले, "वा!" अगदी त्याच आवाजात.  पोहे जळलेले होते हे मला माहीत होतं. मग कथा कशी होती?

त्या एका "वा"ने माझं डोकं फिरलं. अंबरनाथच्या एका वाचनालयाने अलक स्पर्धा लावली होती आणि आम्ही चौघंही कथा पाठवणार होतो. माझी लिहून तयार होती. वडिलांवरची होती. पण मला बक्षिसाचं काही पडलं नव्हतं. मला लिहिता येतं की नाही, एवढंच कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. येत नसेल तर मंडळ सोडायचं, रविवारी दुपारपर्यंत झोपायचं आणि हे नाटक बंद करायचं, असं मी ठरवून टाकलं. राजेंद्रना विचारण्यात अर्थ नव्हता. ते मोबाईलमधून मान वर न करता "छान आहे" म्हणतात. मी एकदा त्यांना विजेचं बिल वाचून दाखवलं होतं, तेही छान होतं.

शेवटी मी ग्रुपवर मेसेज टाकला. 'रविवारी माझ्याकडे या. माझी कथा नाही. नाशिकच्या एका बाईंची गेल्या वर्षी कुठेतरी बक्षीस मिळालेली अलक आहे, अभ्यासाला घेऊ. आपली कथा नसल्यामुळे नियमाप्रमाणे नाश्ता नाही.'

तिघं आले आणि उपाशीच आले. कमळाकर स्वयंपाकघराकडे बघत बसला. म्हणाला, "नाशिकची बाई आहे तर चिवडा तरी पाठवायचा ना, साईं." मी सगळ्यांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले आणि माझीच अलक ऋताकडे वाचायला दिली. आणि ओढणीत हात गुंडाळून बसले.

ऋताने वाचलं. 'निळ्याशार आभाळाकडे शून्य नजरेने पाहत बाबा गॅलरीत बसले होते. मंद वारा त्यांच्या रुपेरी केसांशी खेळत होता. मुलीच्या वाटेकडे त्यांचे डोळे लागले होते...' असं करत करत मुलगी येते, बाबांच्या पायाशी बसते, त्यांच्याशी पोटभर बोलते. आणि शेवटची ओळ, 'तिने फोटोवरचा हार सरळ केला आणि दिवा लावला.' ही ओळ लिहिताना मी स्वतः रडले होते.

"कुणी दिलं हिला बक्षीस?" दौलतराव म्हणाले.

मी म्हटलं, "का, काय झालं?"

"अगं बाय, मना सांग, यो म्हातारा हाय का भिंतीवरचं कॅलेंडर हाय? खोकत नाय, थुकत नाय, कुनाला शिवी देत नाय. आमच्या जांभूळला असा एक म्हातारा दाखव. आभालाकडं कोन बघत बसतंय? पाऊस बघायचा असला तर बघतो मानूस, नायतर खाली रस्त्यावर कोन कुठं चाललाय ते बघतो."

"लिटरली दुसऱ्या लाइनमध्ये मी गेस केलं," ऋता म्हणाली. "केस रुपेरी आले ना, तिथेच कळलं की हा गेलेला आहे. जिवंत माणसाचे केस पांढरे असतात. आणि सॉरी, पण मला हे अजिबात रिलेटेबल नाही वाटलं."

ऋताला न वाटलेली ही जगातली पहिली गोष्ट होती. 

कमळाकर तर उठून उभाच राहिला. "ताई, मैं बताऊं क्या? हा माल दिसायला भारी आहे, पण हात लावला की समजतं, प्युअर कॉटन नाही, मिक्स आहे. मंद वारा, निळं आभाळ, हा सगळा वरचा पॉलिश. शेट म्हणतो, जिथे पॉलिश जास्त तिथे कपडा कमी. ह्या बाईचा बाप खरंच होता का, मला तर डाऊट आहे."

"होता!" मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"असणारच ना!"

"मंग असला तर हिनं त्याला कदी पायला नाय," दौलतराव म्हणाले आणि पाणी प्यायले.

इथे माझा ताबा सुटला. तीन वर्षं ह्या माणसाची म्हैस मी सहन केली होती.

"पाहिला नाही?" मी ओरडले. "अहो, माझे बाबा आभाळाकडे बघणारे नव्हतेच! त्यांना मान वर करायला वेळ कुठे होता? ते चहाकडे बघायचे! रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की गॅलरीत बसायचे आणि आई चहा द्यायची. एक घोट घेतला की सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडायचे, 'द्रौपदी, हा चहा आहे का पाणी?' आई काही बोलायची नाही. कप आत न्यायची. बाबांची बडबड चालू असेपर्यंत ओट्यावर ठेवायची आणि तोच कप पुन्हा बाहेर आणायची. तोच! साखर नाही, पत्ती नाही, काही नाही! बाबा घोट घ्यायचे, 'अजून नाही जमला.' आई पुन्हा आत. तिसऱ्यांदा तोच कप आणला की म्हणायचे, 'हां, याला म्हणतात चहा!' शेजारच्या इंदुबाई दाराआडून बघून पदर तोंडात कोंबायच्या. मरेपर्यंत आईने बाबांना हे कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही म्हणता मी त्यांना पाहिलं नाही!"

कमळाकर हसता हसता खाली बसला. दौलतराव मांडीवर थाप मारत होते. ऋताला ठसका लागला आणि ती माझाच ग्लास उचलून पाणी प्यायली. मला राग आला होता आणि बाबांची इतकी आठवण येत होती की विचारू नका. हार सरळ करताना सुद्धा एवढी आली नव्हती.

"त्या बाईने हे लिहायला पाहिजे होतं," ऋता डोळे पुसत म्हणाली. मग तिचा हात तसाच राहिला. "एक मिनिट. माझे बाबा म्हणालात तुम्ही."

 मी ओढणीची घडी घालायला लागले.

"नाशिकला कुणी बाई नाहीये," मी म्हटलं.

आमचं मंडळ किती प्रेमळ आहे ते मला त्या क्षणी कळलं. तिघांनी एकदम सगळं परत घ्यायला सुरुवात केली. दौलतराव म्हणाले, "तसा म्हातारा शांत होता, शांत म्हातारा बराच असतो." कमळाकर म्हणाला की मिक्सलाही मार्केट आहे, उलट धुवायला सोपं जातं. ऋता म्हणाली की रुपेरी केस परत ऐकल्यावर तिला खूपच रिलेटेबल वाटताहेत. आणि मग कमळाकरला काहीतरी सुचलं. तो स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, "पण ताई, कथा तुमची होती, तर नियमाप्रमाणे..."

"कुणी एक शब्द मागे घेतला तर पोहे करीन," मी म्हटलं.

खोलीत एकदम शिस्त आली.

मी तिथेच बसून लिहायला घेतलं. राजेंद्र आतून बाहेर आले, चार माणसं न खाता गप्प बसलेली बघून घाबरले आणि कुणाला बरं नाही का, असं विचारून परत गेले. निळं आभाळ गेलं, मंद वारा गेला, हार तर मी सगळ्यांत आधी काढला. कप ठेवला. इंदुबाईंचा पदर ठेवला. शेवटाला मला एक दिवस आठवला. आई मावशीकडे गेली होती आणि बाबांनी स्वतःच्या हाताने चहा केला होता.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या कपाला कमळाकर हसला, तिसऱ्याला तिघंही. मग मी शेवट वाचला. 'आई नव्हती. बाबांनी चहा केला, गॅलरीत बसून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ओरडायला कुणी नव्हतं. ते थोडा वेळ तसेच बसले. मग कप उचलून स्वतःच आत घेऊन गेले.'

मी थांबले. कुणी वा म्हणालं नाही. दौलतराव कथा संपायच्या आधीच वा म्हणतात, तेही म्हणाले नाहीत. 

"मंग?" दौलतराव म्हणाले.

"मग काय?"

"मंग भायेर आला का नाय तो? त्योच कप घेऊन आला का?"

"शंभर शब्द संपले," मी म्हटलं.

"असं कसं संपलं?" ते चिडलेच. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाय, मना सांग आदी. त्याला चा गोड लागला का नाय?"

कमळाकर खुर्ची पुढे ओढून बसला होता. ऋताने मोबाईल उलटा करून ठेवला होता. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते, सकाळपासून उपाशी, आणि स्वयंपाकघराकडे एकाचंही लक्ष नव्हतं. मला फार आनंद झाला. मग मी नाक पुसलं आणि बाबा बाहेर आले तिथून पुढचं सांगायला लागले.