झाकणावरची ताई

झाकणाच्या कडेला रंगाचा एक टवका उडालेला, ताईच्या डाव्या कानापाशी, आणि आई त्यावरून अंगठा फिरवते आहे, फिरवतेच आहे, जणू पत्र्याचा तो कान दुखतो आहे... धाकटी बघत राहिली. टाचांच्या भेगांना लावायच्या मलमाची डबी. ताई तापाने गेली त्याच साली वडिलांनी तिचा हसरा चेहरा झाकणावर घेतला, आणि तेव्हापासून ती नऊ वर्षांचीच. वाढायचं काम धाकटीकडे आलं.

समोर मूल्यांकन करणारे गृहस्थ. कारखाना विकायचा तर नाव, चित्र, मलमाची कृती, अशा हाताला न लागणाऱ्या सगळ्याची किंमत आधी ठरायला हवी.

"आमची पद्धतच अशी," ते म्हणाले, "एखादी गोष्ट नाहीच असं धरायचं, आणि धंदा किती बसतो ते बघायचं. आता समजा, या बाई उद्यापासून नाहीत." पेन धाकटीकडे वळलं.

"हिच्यावाचून काय अडतंय?" आई हसली. "ढवळायला माणसं मिळतात. गुणाची आहे हो पोर, नाही कुठे म्हणते मी? पण डबी खपते ती झाकणावरच्या माझ्या सोनीमुळे."

गुणाची... उकळत्या मेणाने मनगट भाजलं त्या दिवशीही आई म्हणाली होती, आधी झाकणं पुसून घे, सोनीच्या तोंडावर उडालंय. आणि मी? माझ्या तोंडावर काय काय उडालं ते कोणी –

"आणि हे चित्र नसेल तर?"

"तर लावा कुलूप," आई म्हणाली.

गृहस्थ धाकटीकडे वळले. "तुमचा अंदाज?"

अंदाज कशाला? गेल्या हिवाळ्यात छपाईवाल्याने झाकणांची अख्खी खेप चित्राविनाच पाठवली होती, नुसतं नाव. मागणी तुंबलेली, म्हणून तिने तशीच भरून धाडली. सगळी खपली. एक तक्रार नाही. हे तिने आईपासून लपवलं ते दयेपोटी, असंच ती समजत आली होती... दयाच होती ना ती?

"काही फरक पडत नाही," ती म्हणाली, देवापुढे बोलावं इतक्या हळू. आणि सगळं सांगितलं.

गृहस्थांनी मान न उचलता टिपून घेतलं. आईचा अंगठा थांबला.

"माझ्या सोनीला पुसून..."

"छपाईची चूक होती, आई."

"गिऱ्हाईकं मेली आंधळी! माझ्या हातात आली असती ना, तर मी बघताक्षणी ओळखलं असतं."

त्या खेपेतली एक डबी आईच्या उशाशीच होती. आई ती रोज उघडायची, मिटायची. तळ खरवडून झाल्यावर म्हणाली होती, संपली गं, दुसरी आण.

एवढंच सांगायचं उरलं होतं. ते जिभेवर आलं, आणि धाकटीने ओठ मिटले. आज नको. घाई कसली, कधीही सांगता येईल... तिने आईच्या हातातून डबी हलकेच काढून टेबलावर ठेवली, आणि आईला उदंड आयुष्य मिळावं असं तिला पहिल्यांदाच अगदी मनापासून वाटलं.