नगाऱ्यातले भुंगेरे

मी पकडलेला मासा किनाऱ्यावरून घरी येईस्तोवर होडीएवढा होतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून शेवटचा मोठा रानबदाम पडला तेव्हा 'सावली एवढी गडद पडली की कोंबड्या तीन दिवस उठल्याच नाहीत' असं मी सांगितलं, तर कुणी मानही वर केली नाही.

त्या झाडातून प्रार्थनेला बोलावणारा गावचा नवा लाकडी नगारा कोरायचा होता. कोरणारा एकटाच उरलेला, माझा नवरा आपेनिसा. कान नगारे ठोकून गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणायचा, हा एवढा नगारा बोलला की डोळे गेले तरी चालतील.

ओंडका उन्हात तडकू नये म्हणून त्यानं दोन दिवस साल तशीच ठेवली. दुसऱ्याच दिवशी आमचे रातू, गावचे प्रमुख, वारले. रातू गेले की शंभर दिवस गावात कुऱ्हाड वाजत नाही.

"म्हाताऱ्या, कसाव्याचे कंद कापायच्या सुरीनं सोल की साल," मी त्याच्या कानाला तोंड लावून म्हटलं. "आवाज कुठे होतोय?"

"रातूंच्या सुतकात चोरून काम? तूच कर. तुला सवय आहे."

"मग भुंगेरे करतील. सालीखालीच शिरतात ते."

"करू देत. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, खाऊन खाऊन किती खाईल?"

चाळिसाव्या दिवशी सगळे प्रार्थनेला गेले आणि मी सुरी घेऊन ओंडक्याकडं गेले. वीतभर साल उचकटली. आत माशाच्या काट्यासारखी नक्षी, मधे एक वाट, दोन्हीकडं बारीक बारीक फाटे. पिठासारखा भुसा एवढा पडला की त्याचे पाव भाजले असते तर शेजारच्या बेटालाही पुरले असते. सुरी दाबली, तर उकडलेल्या कसाव्यात जावी तशी आत गेली.

साल परत बसवली, वेलीनं बांधली. त्याला काही बोलले नाही. रोज संध्याकाळी तो ओंडक्यावरून हात फिरवून यायचा आणि दोन घास जास्त जेवायचा. कुठल्या तोंडानं सांगणार?

सुतक फिटल्यावर तो आठ दिवस कोरत होता. बोटांना भोकं लागतच असणार. तोही बोलला नाही, मीही नाही.

नवव्या दिवशी गाव जमलं. आपेनिसानं दोन्ही दांडकी उचलून नगाऱ्यावर मारली. ओल्या चटईवर मारल्यासारखं झालं. फटीतून पिवळा भुसा उडाला. बाया समुद्राकडं बघायला लागल्या. कुणी हसलंसुद्धा नाही.

"कुठवर गेला गं आवाज?" त्यानं मला विचारलं.

माझ्याकडं थापा तयार होत्या. पलीकडचं बेट होतं, दचकलेले देवमासे होते. पण त्याच्या कानाशी वाकले आणि तोंडातून आलं, "चर्चच्या कोपऱ्यापर्यंत."

त्यानं दांडकी खाली ठेवली.

"जन्मभर माशाची होडी केलीस, म्हातारे. आज एवढुशीच थाप?"

मी त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला.

"म्हणजे बोललाच नाही तो."

नगारा आता फणसाखाली पडलाय, कोंबड्या त्यात अंडी घालतात. प्रार्थनेला बोलवायला गॅसची रिकामी टाकी टांगली आहे, तिच्यावर लोखंड आपटतात. आपेनिसाला ते ऐकू येत नाही, तेवढंच बरं आहे.