वाडीच्या भिंतीतून हरवलेला फिरता डबा

मित्रांनो, मी जर्मनचा एक जुना डबा आहे. जर्मन म्हटल्यावर मला परदेशी समजू नका. आमच्या नागपुरात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. मी वीतभर लांब आणि चार बोटं उंच आहे. मला दोन्ही बाजूंना कड्या आहेत आणि माझ्या झाकणावर मशीननं कोरलेलं नाव आहे, गो. ता. मेश्राम. माझ्याबरोबरचे डबे केव्हाच भंगारात गेले. मला मात्र गेल्या हिवाळ्यात माणसं सायकलवरून गावभर शोधत फिरली. ते कसं झालं, ते सांगतो.

एका चपट्या पत्र्यावर साच्याचा दणका बसला आणि मी जन्मलो. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून गोविंदा मेश्राम यांनी मला घरी आणलं. ते सक्करदऱ्याला राहत आणि शहराच्या टोकाला असलेल्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करत. सव्वीस वर्षं ते रोज सायकलनं कामावर गेले आणि सव्वीस वर्षं मी त्यांच्या कॅरियरवर बसून गेलो. माझ्या पोटात दोन भाकरी, चून म्हणजे घट्ट पिठलं आणि वर हिरवी मिरची असायची. दुपारी गोदामाच्या पायरीवर माझी कडी वाजली, की आणखी चार हात पुढे यायचे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर बाहेरगावची माणसं लोटत, तेव्हा गोविंदाभाऊ वस्तीतल्या लोकांबरोबर त्यांना जेवण वाढत. त्या दिवशी मी भाजी वाढायचं भांडं व्हायचो. किती पानांवर उपडा झालो, त्याची गणतीच नाही.

मग गोविंदाभाऊ निवृत्त झाले. मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात भाकरीऐवजी जुने स्क्रू, दाराचा एक कोयंडा आणि बिनकामाच्या किल्ल्या आल्या. अशी आठ वर्षं गेली. मित्रांनो, डब्याला उपास सोसतो, पण कोणी उघडूनच पाहत नाही हे सोसत नाही.

मला खाली काढलं ते त्यांच्या लेकीनं, दीक्षानं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि दर रविवारी सायकल चालवणाऱ्या तीसेक जणांच्या ग्रुपबरोबर फिरायला जाते. त्या ग्रुपवर ती जरा नाराज होती. चहा पिताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, दर रविवारी तोच रस्ता, तेच तर्री पोहे. जोरात चालवणारे समोर निघून जातात, हळू चालवणारे मागे राहतात. कोणाले कोणाचं नावही माहीत नाही."

"मग लपाछपी खेळा," गोविंदाभाऊ हसत म्हणाले.

ते गंमतीनं बोलले, पण दीक्षानं कप खाली ठेवला. दोघांनी मिळून त्या सकाळी एक खेळ तयार केला. एक डबा कुठेतरी लपवायचा आणि ग्रुपवर त्याचा एक सांकेतिक पत्ता टाकायचा. सायकलनंच जायचं आणि शोधायचा. ज्याला सापडेल त्यानं आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा सोबत न्यायचा आणि आठवड्याच्या आत दुसरीकडे लपवून नवा पत्ता द्यायचा.

"खोदायचं नाही, काही तोडायचं नाही, कोणाच्या घरच्या कंपाउंडात शिरायचं नाही," दीक्षा लिहीत गेली. "पण बाबा, डबा?"

"माळ्यावर हाय ना एक. त्याले फिराची सवय हाय."

मित्रांनो, त्या एका वाक्यानं माझी आठ वर्षं भरून निघाली. स्क्रू बाहेर आले. चिंच लावून मला घासलं. माझ्या पोटात एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवली आणि माझं नाव पडलं फिरता डबा.

काय मजेचे दिवस होते ते! सक्करदऱ्याच्या तलावाकाठी दगडांच्या आड मी पहिल्यांदा लपलो. तिथून मनीषनगरच्या एका बागेतल्या बाकाखाली गेलो. तिथे मला शोधलं अडुसष्ट वर्षांच्या कुसुमताईंनी. त्यांनी वहीत लिहिलं, "गुडघा दुखला, पण मीच आधी पोचले." जोरात चालवणाऱ्यांना या खेळात फारसा फायदा नव्हता. घाईत ते माझ्या जवळून निघून जायचे आणि मागून रमत येणाऱ्याची नजर माझ्यावर पडायची. पोह्यांच्या गाडीवर आता सगळे एकत्र उभे राहून पत्त्यांवर वाद घालू लागले.

सगळ्यांत जास्त वेळा मला शोधलं पियुषनं. त्याची सायकल महागाची, हेल्मेट चकचकीत. खेळावर त्याचा जीव होता. एखादा पत्ता सुटला नाही, तर त्याला जेवण जात नसे. आणि सगळ्यांत नवा होता अश्विन. सत्तावीस वर्षांचा, कमी बोलणारा. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेला, वाडीत भाड्याच्या खोलीत राहायचा आणि एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकनं जाणाऱ्या मालाच्या पावत्या लिहायचा. त्यानं जुनी सायकल घेऊन स्वतः रंगवली होती. फेब्रुवारीत मी त्याला पहिल्यांदा सापडलो, तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि एकटाच हसला. वहीत नाव लिहायला त्याला पाच मिनिटं लागली, इतकं जपून लिहिलं.

त्यानं मला वाडीला नेलं. अमरावती रोडच्या कडेला गोदामांची एक लांब जुनी भिंत आहे. तिथल्या कडुनिंबाच्या मागे भिंतीतल्या दोन विटा निघालेल्या होत्या. त्या जागेत मी बरोबर बसलो. समोरून ट्रक धडधडत जात होते. तोच डिझेलचा वास, तेच हॉर्न! मला वाटलं, आता कोणत्याही क्षणी गोविंदाभाऊ येतील आणि कडी उघडतील.

अश्विननं ग्रुपवर पत्ता टाकला, "जिथं दिवसाला हजारो चाकं जातात, तिथं एका झाडाच्या पाठीमागे दोन विटा कमी आहेत."

पण त्याच संध्याकाळी एका बाईंच्या सायकलची चेन झाडाखाली उतरली. चेन बसवता बसवता त्यांना भिंतीत काहीतरी चमकताना दिसलं. त्यांचं नाव प्रयागबाई. जवळच्याच गोदामात त्या फाटलेली पोती शिवायचं काम करत. त्यांनी मला उघडलं. वही दिसली, पण त्यांना वाचता येत नव्हतं. मला तसंच ठेवलं तर कोणी भंगारात विकेल, असं त्यांना वाटलं. त्या वीस पावलांवरच्या पानठेल्यावर गेल्या. ठेलेवाल्या ओमप्रकाशला म्हणाल्या, "कोणाचा डबा राह्यला वाटते भाऊ. कोणी पुसत आलं, त माह्याकडं पाठवजो."

चार दिवस त्या रोज विचारत होत्या. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी खिळ्याला टांगली आणि माझ्यात भाकर ठेवली.

मित्रांनो, खरं सांगू? मला आनंद झाला. गरम भाकरीची वाफ किती वर्षांनी अंगाला लागली! रोज दुपारी पोत्यांच्या ढिगाशेजारी माझी कडी वाजू लागली. प्रयागबाई चटणी जरा जास्तच आणायच्या, बाजूच्या बायांना पुरावी म्हणून. मी मजेत होतो. तिकडे माझ्यापायी काय चाललं आहे, याची मला कल्पना नव्हती.

ते मला नंतर दीक्षाच्या तोंडून कळलं. रविवारी पियुष सगळ्यांच्या आधी वाडीला पोचला होता. त्यानं बरोबर झाड शोधलं, बरोबर भिंत शोधली, आत हात घातला. जागा रिकामी. त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, "दोन विटा कमी आहेत, डबापण कमी आहे." लोक हसले. मग त्यानं पुढे लिहिलं, "ठेवलाच नसेल. जुनी चीज आहे, आवडली असेल."

अश्विननं एवढंच लिहिलं, "मी ठेवला होता." त्याची बाजू कोणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून निघून गेला. दोघातिघांनी पुन्हा जाऊन भिंत तपासली आणि ते परत आले. खेळ बंद पडला. रविवारी पुन्हा जोराचे समोर, हळूचे मागे.

दीक्षाला वडिलांना सांगणं भाग होतं. तुमचा डबा हरवला, असं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोविंदाभाऊ म्हणाले, "डबा गेला त गेला वं. पण त्या पोराले चोर काहून ठरवलं तुमी? कोणाले पुसलं का तिथं?"

"भिंत पाहिली बाबा, तीनदा."

"भिंत बोलते का? वाडीत माणसं राह्यते. मी सव्वीस वर्षं पाहून आलो."

सोमवारी दीक्षाची सुट्टी होती. ती एकटीच सायकल काढून वाडीला आली आणि भिंतीकडे न जाता थेट पानठेल्यावर गेली. "भाऊ, त्या भिंतीत एक जर्मनचा डबा होता. कोणी पाहिला का?"

ओमप्रकाशनं हातातलं पान खाली ठेवलं. "ताई, मी कवाची वाट पाहून राहिलो! प्रयागबाई सांगून गेली हाय ना."

"मग कोणाला सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? हेल्मेटवाले आले, भिंतीत हात घातला, फोटो काढला अन् मी हाक मारेपर्यंत गेले. दोन पावलं इकडं कोणी आलंच नाही."

दीक्षा त्यानं दाखवलेल्या गोदामापाशी आली, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मी उघडा होतो, आत अर्धी भाकर होती. तिनं बाजूला ठेवलेल्या झाकणावरचं नाव वाचलं आणि ती खाली बसलीच. प्रयागबाई गडबडल्या. "तुमचा हाय का? माय वं! थांबा, घासून देते."

"नाही मावशी. आधी जेवून घ्या."

मग तिथेच बसून दीक्षानं सगळं सांगितलं, खेळाबद्दल आणि अश्विनबद्दल. प्रयागबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे माह्यापायी त्या पोराचं नाव खराब झालं? कुठी राह्यते तो? चाल, दाखव मले."

त्यांनी मालकाला सांगितलं, घरून वही आणली आणि मला कॅरियरवर बांधलं. पुढे दीक्षा, मागे त्या. अश्विन ऑफिसात बिल्टी लिहीत बसला होता. प्रयागबाईंनी मला त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं माझं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"मी ठेवला होता ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे," दीक्षा म्हणाली. "आम्ही विचारायला पाहिजे होतं. आम्ही चुकलो."

प्रयागबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चांगली जागा शोधली होती गा तू. माही चेन उतरली नसती, त कोणाच्या बापाले दिसला नसता डबा." तेव्हा कुठे तो हसला.

पुढच्या रविवारी दीक्षानं अश्विन आणि प्रयागबाई दोघांनाही पोह्यांच्या गाडीवर बोलावलं. ग्रुपवर तिनं सगळी हकीकत लिहिली होतीच. पियुष मनात काहीतरी लांबलचक ठरवून आला असावा, पण अश्विन समोर आल्यावर त्याला त्यातलं काहीच आठवेना. हातातली स्वतःची प्लेट त्यानं पुढे केली. "न विचारता बोललो यार. गलती झाली माझी. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

अश्विननं प्लेट घेतली. "पोहे थंड होऊन राहिले," तो म्हणाला. "चमचा दे अजून एक." मग दोघांनी त्या एकाच प्लेटमध्ये खाल्लं.

आता मला लपवायचं कोणी, हा प्रश्न आला. कुसुमताई म्हणाल्या, "ज्याला सापडला त्यानं. नियम म्हणजे नियम. प्रयागबाईंना सापडला, आणि त्या सायकलवरच होत्या."

प्रयागबाईंनी वहीत नावाच्या जागी पोती शिवायच्या दाभणाचं चित्र काढलं. दोन दिवसांनी त्यांनी दीक्षाच्या फोनवर आपल्या आवाजात पत्ता पाठवला, "डबा सक्करदऱ्याच्या तलावाकडं हाय. डोळ्यानं नाही दिसाचा. तोंडानं पुसा."

रविवारी पूर्ण ग्रुप तलावाभोवती चकरा मारू लागला. दगड पाहिले, झाडांच्या ढोली पाहिल्या. मी सगळं बघत होतो, कारण मी रस्त्याच्या कडेच्या पंक्चरवाल्या बाबारावांच्या फळीवर, सोल्युशनच्या ट्यूब आणि रबराच्या तुकड्यांमध्ये उघडा बसलो होतो. चौथ्या चकरेला पियुष थांबला. सायकलवरून उतरला, हेल्मेट काढलं. "काका," तो जरा अवघडून म्हणाला, "एक विचारू का?"

"पुस ना," बाबाराव म्हणाले. "तासभर झाला तुमाले फिरताना पाहून राहिलो. म्या म्हटलं, थांबते कवा हा पोरगा."

मला हातात घेताच पियुषनं पहिली हाक अश्विनला मारली.

त्या दिवसापासून आमच्या खेळात एक नियम वाढला. डबा लपवला, की जवळच्या एका माणसाला सांगून जायचं, आणि शोधणाऱ्यानं त्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय परतायचं नाही. माझी वही आता भरत आली आहे. तिच्यात चहावाले आहेत, माळी आहेत, शाळेच्या फाटकावरच्या एक मावशीही आहेत. प्रयागबाईंना दीक्षानं नवा डबा देऊ केला, तर त्या म्हणाल्या, "हाय माह्याकडं. हा फिरू दे." आता त्या दर रविवारी सुट्टी काढून येतात आणि त्यांनी लपवलेला मी कोणालाच लवकर सापडत नाही.

मित्रांनो, सध्या मी कुठे आहे ते सांगणार नाही, खेळ चालू आहे. पण कधी तुमचं काही हरवलं, तर कोणाचं नाव घेण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. कोणाची वस्तू तुम्हाला सापडली, तर प्रयागबाईंसारखी सांभाळा. आणि मी सापडलोच, तर मला आपटू नका. आतली वही कोरडी ठेवा, पेन्सिलीला टोक करून ठेवा, झाकण नीट लावा. आधी डावी कडी, मग उजवी. उजवी जरा ढिली आहे, तिला अंगठ्यानं हलकेच दाबावं लागतं.