पांढऱ्या दगडापुढची वीस पावले

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगात बुरशीची जाळी धरली आहे आणि गळ्यात अडकवायचा पट्टा दोनदा शिवलेला आहे. उजव्या नळीतून मात्र अजून स्वच्छ दिसते. आज तुम्हाला जे सांगणार आहे ते मी कुणाकडून ऐकलेले नाही. पाहिलेले आहे. पाहण्याखेरीज मला दुसरे काही येतही नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसून कारागीर दिवसभर भिंगे घासत. माझी भिंगे घासणारा माणूस जाड चष्म्याचा आणि अबोल होता. चार दिवस त्याने माझ्यावर घालवले. शेवटी मला खिडकीपाशी नेऊन समोरच्या छपरावरची चिमणी पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसतंय बघ." मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतले एका पक्षी अभ्यासकाने. सगळे त्यांना सर म्हणत. एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी होती. ती पाहायला सर ओळीने तीन हिवाळे त्या गावात येऊन राहिले. गावाला हसायला विषयच मिळाला. "एवढा शिकलेला माणूस, आणि बघायला आला काय, तर गिधाडं!"

सर ज्या घरी उतरत तिथे एक नवी सून होती. एके दुपारी सरांचा डोळा लागला असे समजून तिने मला हळूच उचलले आणि डोळ्याला लावले, तेही उलटे. ओसरीवर सासूबाई धान्य निवडत बसल्या होत्या. "अगंबाई, सासूबाई किती लांब गेल्या!" ती पुटपुटली, "असंच राहू दे बाई."

सर जागेच होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला सुलट धरून तिच्या हातात दिले आणि कड्याकडे वळवले. कपारीत एक मोठे गिधाड पंख पसरून उभे होते. त्याच्या पायाशी पांढऱ्या लवीचा एक गोळा होता.

"हे पिल्लावर सावली धरतंय!" सून म्हणाली. "आई आहे ना ती?"

"बापही असेल. दोघं आळीपाळीनं करतात."

सुनेने आत घोरत पडलेल्या नवऱ्याकडे पाहिले. "यांना दाखवायला हवं एकदा."

मित्रांनो, त्या दिवसापासून ती माझी झाली आणि मी तिची. तिसरा हिवाळा संपला तेव्हा सरांनी मला तिच्याच हाती ठेवले. जाताना त्यांनी एवढेच सांगितले, "जोडीचं वर्षाला एकच अंडं असतं. ते गेलं की त्यांचं अख्खं वर्ष गेलं. आणि तो पांढरा दगड विसरू नका."

कड्यासमोरच्या पायवाटेवर एक पांढरा दगड होता. माणसे त्या दगडाअलीकडे थांबली तर पक्षी अंड्यावर बसून राहत. पलीकडे गेली की उठून उभे राहत. उठलेला पक्षी कधी उडून जाईल याचा नेम नसे, आणि उघडे पडलेले पिल्लू उन्हात फार वेळ तग धरत नाही. सरांनी हे तीन हिवाळे मोजून पाहिले होते.

पुढे कुठून कुठून कानावर गेल्यामुळे एखाददुसरा पाहुणा गावात येऊ लागला. सून त्याला घेऊन कड्यासमोर जाई. गावाने तिचे नाव 'गिधाडीण' ठेवले. पहिल्या दिवशी ती रडली. काही वर्षांनी फोन वाजला की तीच ठसक्यात म्हणायची, "हां, गिधाडीण बोलतेय!"

तिने गावातल्या सहा जणींना हाताशी धरले. पाहुण्यांनी गावातच राहायचे, गावातलेच जेवायचे. दिवसाला आठ माणसे, नववे नाही. भडक कपडे नकोत, गाणी नकोत, कचरा आपल्याच पिशवीत परत न्यायचा. आणि पांढऱ्या दगडापुढे पाऊल टाकायचे नाही. दगडापाशी पोचले की ती मला गळ्यातून काढून एकेकाच्या हाती देई. "आता पायानं नाही, डोळ्यानं पुढं जा," असे म्हणे.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे होती. माझ्यातून पाहून किती माणसे गप्प झाली! गावही सावरले. कामासाठी लांब गेलेले दोन भाऊ परत आले. मुली पुढच्या शाळेत जाऊ लागल्या. कपारीतली घरटी नवाची चौदा झाली. गिधाडिणीची लेक मोठी होऊन आईच्या बरोबरीने उभी राहिली. नियमांच्या बाबतीत ती आईपेक्षा कडक. एकदा एका पाहुण्याला नुसते शिंकल्याबद्दल तिने असे पाहिले की तो बिचारा शिंकेचीही माफी मागून गेला.

मग एका हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात काठी, चेहरा ओढलेला. मोठ्या आजारातून उठल्या होत्या आणि तो परत उलटला होता. आयुष्यभर पुस्तकातली गिधाडे शिकवली, खरे एकही पाहिले नाही, असे त्या वाटेत सांगत होत्या. दगडापाशी गिधाडिणीने मला त्यांच्या हातात दिले.

त्यांचे हात थरथरत होते. मी धडपड केली, पण हलणाऱ्या हातात दुर्बीण कुणाला काय दाखवणार? कडा नुसता वरखाली नाचत होता. गिधाडिणीने त्यांचे मनगट धरले, कोपराखाली आपला गुडघा दिला. तरी जमेना. बाईंनी मला खाली घेतले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा, मी ऐकते. पुन्हा काही माझं येणं होणार नाही."

गिधाडिणीने मला परत आपल्या गळ्यात अडकवले. मग तिने त्यांच्या दंडाला धरले. दगडापुढे वीस पावलांवर वाट वळते आणि तिथे एक घरटे अगदी समोर येते.

"आई, दगड!" लेक म्हणाली.

"एकदाच गं. आजारी आहेत त्या."

त्या दोघी गेल्या. समोर पिल्लू होते, शेजारी त्याची आई. ती उठून उभी राहिली, यांच्याकडे पाहिले, आणि परत बसली. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी आपल्या मोबाइलवर एकच फोटो घेतला. त्यात त्यांचा ओला चेहरा होता आणि मागे ते घरटे. दोघी परत आल्या. काही म्हणजे काही झाले नाही.

बाईंनी तो फोटो फक्त आपल्या भाच्याला पाठवला. भाच्याला मावशीचा अभिमान वाटला, म्हणून त्याने तो इंटरनेटवर सगळ्यांना दाखवला, आणि कसे जायचे तेही लिहिले. फोटो होताच तसा. दगडही विरघळेल असा.

महिन्याभरात पायथ्याशी गाड्यांची रांग लागली. ज्याला त्याला तोच फोटो हवा होता, त्याच वळणावरून. गिधाडीण वाटेत आडवी उभी राहिली.

"पुढं जाता येणार नाही."

"त्या बाईंना नेलंत ना? मग आम्ही काय घोडं मारलंय?"

तिने मला गळ्यातून काढून पुढे केले, पण कुणी घेतले नाही.

बाहेरच्या एका माणसाने कड्याखालचे माळरान सपाट करून गाडीतळ केला. खाण्याच्या टपऱ्या आल्या, गाणी आली. दगडावर कुणी रंगाने नाव लिहिले. सातही जणींनी हात धरून वाट अडवली, तर लोक बाजूच्या झुडपांतून चढून गेले. वनखात्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथे सांगितले, पाहतो. त्यांनी पाहीपर्यंत चौदांतली तेरा घरटी रिकामी झाली. लेक आईला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

चौदावे घरटे तेच होते, वळणासमोरचे. तिथले पिल्लू चांगले मोठे झाले होते. पंख भरत आले होते, पण हवेत उतरायला अजून दोन-तीन आठवडे हवे होते. गिधाडीण रोज सकाळी दगडापाशी बसून माझ्यातून त्याला पाही. "झालंच रे राजा," ती म्हणे. "थोडे दिवस दम धर."

त्या सकाळी एका तरुणाने खालून एक उडते यंत्र सोडले. कॅमेरा लावलेले, घोंगावणारे. ते थेट कपारीसमोर जाऊन थांबले. पिल्लाची आई उडाली. पिल्लू मागे सरकले, भिंतीला टेकले, मग घाबरून पंख उघडत पुढे धावले.

"अरे, मागं घे! मागं घे ते!" गिधाडीण ओरडली.

मी तिच्या डोळ्यांना लावलेली होते, मित्रांनो. जे तिला दिसले ते माझ्यातूनच दिसले. इतक्या स्वच्छ भिंगांचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. पिल्लू कडेवर आले, एकदा पंख हलवले आणि खाली गेले.

तिच्या हातातून मी सुटले, पट्टा तुटला. दगडावर आपटून खालच्या डबक्यात पडले. त्या पाण्याचीच ही बुरशी.

तो तरुण धावत वर आला. तोंडावरचा रंग उडाला होता. "मला खरंच माहीत नव्हतं हो," तो म्हणत होता. "मी फक्त जवळून बघत होतो." गिधाडिणीने त्याला शिवी दिली नाही. लेकीला घेऊन ती कड्याखाली उतरली. पिल्लाला तिने पदरात घेतले, वजन बघितल्यासारखे हातावर जरा तोलले, आणि मग खाली बसली. लेकीने खड्डा खणला. माती लोटताना ती त्याविषयी पहिल्यांदा आईशी बोलली.

"तू त्या बाईंना नेलंस ते दयेनंच ना, आई?"

"हो."

"मग रडू नकोस."

पण रडत दोघीही होत्या.

त्या पिल्लाचे आईबाप तीन दिवस कड्यावर घिरट्या घालत होते. चौथ्या दिवशी आभाळ रिकामे होते. पुढच्या हिवाळ्यात एकही जोडी आली नाही. मग गाड्याही आल्या नाहीत. पाहायला काही उरलेच नव्हते. टपऱ्यांचे पत्रे उरले आणि माळरानावरच्या बाटल्या. गावातल्या पाहुण्यांच्या खोल्यांना कुलपे लागली. दोघे भाऊ पुन्हा लांब गेले. लेक शहरातल्या एका कारखान्यात खोकी बांधायचे काम करते आणि महिन्यातून एकदा घरी येते.

त्या शिक्षिकांचा एकदा फोन आला होता. आवाज फार खोल गेला होता. "मी फोटो काढायला नको होता हो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला दिसलं ना नीट?" गिधाडिणीने विचारले.

"दिसलं."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली. पंधरा दिवसांनी बाई गेल्याचे कळले.

गिधाडिणीने मला उन्हात वाळवले, पुसले, पट्टा शिवला. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. अजूनही हिवाळ्यात ती मला घेऊन वर जाते, उजव्या नळीला डोळा लावते आणि चौदाही कपारी एकेक करून पाहते. गिधाडांच्या शिटेचे कड्यावरचे पांढरे ओघळ दर पावसाळ्यात फिके होत चालले आहेत.

मागच्या महिन्यात गावच्या शाळेतली एक मुलगी तिच्याबरोबर आली होती. तिने मला बराच वेळ डोळ्याला लावून ठेवले.

"आजी, काहीच नाही इथं."

"हो गं," गिधाडीण म्हणाली. "काहीच नाही."

मित्रांनो, तुम्ही डोंगरात जाल, समुद्राकाठी जाल, जंगलात जाल. जरूर जा. तिथल्या माणसांच्या घरी राहा, त्यांचे ऐका, आणि थांब म्हणतील तिथे थांबा. पण कधी असेही होईल की ती माणसेच तुमच्याकडे पाहून विरघळतील. तुमचा हात धरून म्हणतील, चला, तुम्हाला म्हणून एकदाच जवळ नेते. तेव्हा त्यांना नाही म्हणता येणार नाही. तेवढे तुम्ही म्हणा. त्यांचा हात हळूच सोडवा आणि म्हणा, "नको मावशी. मला इथूनच दिसतंय."